दुर्बीण नंतर, आधी चिखल

उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी पाहायला दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून गाड्या भरून लोक येतात. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही नावे आता पर्यटकांच्या तोंडपाठ आहेत. काहींना हजारो पक्षी दिसतात, काही जण हात हलवत परत जातात. परत जाणारे बहुधा थंडीला दोष देतात, नाहीतर यंदा पक्षी आलेच नाहीत असा निकाल देऊन मोकळे होतात. नावाड्याला विचारले तर तो एका वाक्यात सांगतो : पाणी अजून उतरलेले नाही. भीमेवरचे हे धरण काठोकाठ भरलेले असेल तर काठावरचा गाळ खोल पाण्याखाली असतो आणि तोवर तिथे चिखल तुडवत खाणाऱ्या पक्ष्यांचे काहीच काम नसते. पाऊस लांबला, धरण जानेवारीपर्यंत तुडुंब राहिले, की रोहितही लांबतात.

पक्षिनिरीक्षणाच्या पुस्तकांत पिसांचे रंग, चोचीचा आकार, आवाज यांवर पानेच्या पाने असतात. पक्ष्याच्या पायाखाली काय आहे याबद्दल मात्र ती फारसे बोलत नाहीत. शेकाट्या, तुतवार, चिखल्या, टिलवे, पाणलावे, गॉडविट, कर्ल्यू अशा किनारपक्ष्यांच्या बाबतीत, ज्यांना पक्षिमित्र सरसकट ‘वेडर’ म्हणतात, हे उलटे असायला हवे. या पक्ष्यांचा दिवस जमीनच ठरवते. ती वाचता आली तर पक्षी कुठे, किती वाजता आणि किती जवळ सापडतील याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

वाचायचे दोनच प्रश्न. इथे खाणे आहे का? आणि असले तर चोच तिथवर पोहोचते का? पहिल्याचे उत्तर मातीच्या कणांत, तिच्यातल्या कुजलेल्या पालापाचोळ्यात आणि पाण्याच्या खारेपणात असते. दुसऱ्याचे उत्तर ओलाव्यात, मऊपणात आणि पाण्याच्या खोलीत. नवखा माणूस पहिल्याच प्रश्नावर अडतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पक्ष्यांना अडवतो तो दुसरा. एप्रिलमधल्या एखाद्या पाझर तलावाचा तळ पाहावा. भेगाळलेल्या पापुद्र्याखाली वीतभर खोलीवर ओल असते, तिथे किडे-अळ्याही असतात. वर टिलव्यांचा थवा उतरतो, दोन-चार टोचे मारतो आणि उडून जातो.

खोलीचा हिशेब सर्वांत सोपा. छोट्या टिलव्याचे पाय जेमतेम दोन सेंटिमीटरचे, त्यामुळे त्याला नुसती ओल किंवा पाण्याचा पातळ पापुद्रा हवा. तुतवार त्याच्या जरा पुढे, घोट्याएवढ्या पाण्यात. गॉडविट आणखी आत, पोट भिजेपर्यंत. शेकाट्याचे गुलाबी पाय वीतभर लांब, त्यामुळे तो सगळ्यांच्या पुढे चालतो. त्याही पलीकडे चमचे आणि रोहित. उतरत्या काठावर हे पक्षी असे पट्ट्यापट्ट्यांनी उभे असतात आणि पाणी चार बोटे वर-खाली झाले की सगळे पट्टे एकदम सरकतात. दुर्बिणीत दिसणारा पक्षी ओळखू येत नसेल तर तो कितव्या पट्ट्यात आहे हे पाहिले तरी निम्मे पर्याय गळून पडतात.

आता या पट्ट्यांची रुंदी काठाच्या उतारावर ठरते. शंभराला एक असा मंद उतार असेल तर पाण्याची पातळी १० सेंटिमीटर उतरल्यावर १० मीटर रुंदीचा ताजा चिखल उघडा पडतो. तोच काठ दगडी पिचिंगचा, दोनास एक उताराचा असेल, तर २० सेंटिमीटरची चिंचोळी पट्टी मिळते. तीही दगडांची. म्हणून गावतळ्यावर गेल्यावर बांधावर उभे राहून पाहण्यात अर्थ नाही. बांधाच्या समोरची बाजू, जिथून ओढा तळ्यात येतो, ती गाठावी. ओढ्याने आणलेला गाळ तिथे पसरतो, उतार मंद असतो आणि तळे आटू लागले की सर्वांत आधी तीच बाजू उघडी पडते. पैठणच्या नाथसागराचे पाणी पसरट आणि उथळ असल्यामुळे पातळीतल्या थोड्याशा उतारानेही तिथे मैलोन्‌मैल काठ उघडा पडतो. सह्याद्रीच्या घळीत बांधलेल्या खोल धरणांच्या काठी वेडर क्वचित दिसतात, त्याचे कारणही हेच.

निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचे गणित थोडे वेगळे आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला, त्यामागे गाळ साचत गेला, बेटे तयार झाली आणि २०२० मध्ये हे ठिकाण महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. इथली पातळी पावसापेक्षा कालव्याच्या आवर्तनांवर हलते. आवर्तन सुटले की गाळाची बेटे वर येतात, वरच्या धरणातून पाणी आले की बुडतात. तिथे जाण्याआधी पक्षिमित्रांच्या गटात ‘काय दिसले’ असे विचारण्यापेक्षा पाटकऱ्याला किंवा स्थानिक मार्गदर्शकाला ‘पाणी चढतेय की उतरतेय’ एवढे विचारावे. उतरते पाणी केव्हाही चांगले. त्यात रोज नवा चिखल उघडा पडतो, जो काल कोणी टोचलेला नसतो.

खोलीनंतर येतो मऊपणा, आणि इथे चोचींची गोष्ट सुरू होते.

किनारपक्ष्यांचे खाण्याच्या पद्धतीवरून दोन मोठे गट पडतात. चिखल्या आणि टिटव्या डोळ्यांनी शोधतात. त्यांचे डोळे मोठे, चोच आखूड. चार पावले धावायचे, थबकायचे, टिपायचे, पुन्हा धावायचे. त्यांना जमीन ओलसर पण घट्ट लागते, कारण मऊ राडीत धावता येत नाही आणि साचलेल्या पाण्यावर वाऱ्याच्या लहरी उठल्या की खालचे काही दिसत नाही. काही चिखल्या आणि टिटव्या एक पाय पुढे करून ओल्या जमिनीवर थरथरवतात. त्या हादऱ्याने किडे हलतात आणि हलला तो संपला. कंठेरी चिखल्या असे करताना दिसला तर त्या जागी ओल आहे, पण खाणे लपलेले आहे, एवढे निश्चित समजावे.

दुसरा गट स्पर्शाचा. गॉडविट, पाणलावा, कर्ल्यू, टिलवे. यांच्या चोचीच्या टोकाच्या हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब ओळखणाऱ्या संवेदनपेशींचे पुंजके. पाणलावा आपली लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून फक्त वरच्या चोचीचे टोक उचलतो. चिखलातच गांडूळ पकडून, बऱ्याचदा चोच बाहेर न काढताच, गिळून टाकतो. नेदरलँड्समध्ये थ्यूनिस पिअर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेड नॉट या पक्ष्यावर केलेले प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, ते तर थक्क करणारे आहेत. ओल्या वाळूत पुरलेल्या टणक वस्तू, मग तो शिंपला असो वा साधा दगड, हा पक्षी चोच प्रत्यक्ष न लागताही ओळखतो. चोच खुपसताच वाळूच्या कणांमधले पाणी दाबले जाते, टणक वस्तूपाशी तो दाब अडतो आणि चोचीच्या टोकाला तो फरक कळतो. ही सगळी करामत चालते ती कणांमधल्या पाण्यावर. वाळू सुकली की दाब पोहोचवायला माध्यमच उरत नाही.

चोचींच्या लांबीतला फरकही लक्षात ठेवण्यासारखा आहे. टिलव्याची चोच दोन सेंटिमीटरच्या आत, गॉडविटची दहाच्या आसपास, कर्ल्यूची पंधराच्या घरात. एकाच चिखलात तिघे शेजारी शेजारी खाऊ शकतात, कारण तिघांचे ताट वेगवेगळ्या मजल्यावर वाढलेले असते. वरचा थर सुकला तर आधी टिलवा जातो. गॉडविट आणखी थोडा टिकतो. म्हणून एखाद्या काठावर फक्त लांब चोचीचे पक्षी उरले असतील तर ती जागा आता हातची जात चालली आहे असे समजावे आणि दुसऱ्या दिवसासाठी दुसरा काठ बघून ठेवावा.

हे तपासायला महागडे उपकरण लागत नाही. साधी पेन्सिल पुरते. काठावर, पक्ष्यांपासून दूर, ती दोन बोटांत सैल धरून चिखलात टेकवावी. जोर न लावता बोटभर आत गेली तर लांब चोचवाल्यांची जागा. टोक रुतून थांबली तर चिखल्यांची. नुसता पापुद्रा तडकला तर टिटवी आणि धोबी यांच्यापलीकडे तिथे फार अपेक्षा ठेवू नये. जिथे पेन्सिल जाईल तिथे माणसाचा पायही जाईल, हे मात्र विसरू नये. खाडीचा चिखल मांडीपर्यंत खेचतो आणि भरतीचे पाणी पाठीमागून येते. शिवडी, भांडुप, ऐरोली इथल्या खाडीत उतरून फोटो काढण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

खाडीकाठ हे स्वतंत्र शास्त्र आहे. तिथे जमीन दिवसातून दोनदा बदलते.

ओहोटीचे पाणी मागे हटते तेव्हा चिखलावर ओली तकाकी असते. पहिला अर्धा तास नजर तिथेच ठेवावी. बिळांच्या तोंडाशी बुडबुडे फुटतात, चिंबोऱ्यांची पिल्ले एक डोळा बाहेर काढून अंदाज घेतात, निवटे पोटावर सरपटत बारीक नक्षी काढत जातात, आणि कृमींनी बाहेर टाकलेल्या मातीच्या शेवया जागोजाग दिसू लागतात. खालचे सगळे जग यावेळी वरच्या दोन बोटांच्या थरात आलेले असते. पक्षी पाण्याच्या हटत्या रेषेला चिकटून चालतात ते याचसाठी. ऊन चढते, तकाकी जाते, चिखल फिकट पडतो, किडे खाली सरकतात. तोवर थवा शंभर पावले पुढे गेलेला असतो.

म्हणजे खाडीवर पक्षी पाहायचे तर घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. कोकणातला जुना हिशेब अजूनही कामाला येतो : तिथीची पाऊणपट करावी, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चालावे आणि नक्की वेळ छापील तक्त्यात पाहून घ्यावी.

या हिशेबाचा उपयोग असा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या पुढे जातो. पाणी फार दूर जाते, चिखल अफाट उघडा पडतो आणि पूर्ण ओहोटीला पक्षी दुर्बिणीच्याही आवाक्याबाहेर ठिपके होऊन पसरतात. त्यांची चंगळ, बघणाऱ्याची निराशा. पण त्याच दिवशी ओहोटी पहाटे असते आणि सकाळी आठ-नऊनंतर चढते पाणी पक्ष्यांना काठाकडे रेटत आणते. शिवडीच्या धक्क्यावर भरतीच्या दोन-तीन तास आधी पोहोचावे असे जुने पक्षिमित्र सांगतात ते यामुळे. अष्टमीच्या भांगाला पाणी फार हलत नाही, उघडा चिखल थोडा, त्यात गर्दी जास्त आणि भांडणेही जास्त. पक्ष्यांचे वागणे पाहायचे असेल तर भांगाचा दिवस वाया गेलेला नसतो.

भरतीच्या वेळी हे पक्षी जातात कुठे, हा पुढचा प्रश्न. भांडुप-मुलुंडची मिठागरे, उरणच्या पाणथळ जागा, नवी मुंबईतली तळी. तिथे ते एका पायावर उभे राहून पाणी उतरण्याची वाट पाहतात आणि उथळ पाणी असेल तर तिथेही खातात. उतरल्या पाण्यात रात्रीसुद्धा चरतात, कारण ओहोटी दिवस-रात्र पाहत नाही. विसाव्याची जागा जितकी लांब, तितकी जाण्यायेण्यात ताकद खर्च. टिलव्याचे वजन असते २५-३० ग्रॅम, त्याला हा खर्च फार महाग पडतो.

नेरुळच्या डीपीएस तलावाचे उदाहरण ताजे आहे. खाडीचे पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्याने २०२४ मध्ये तो सुकला, त्याच काळात त्या परिसरात रोहित पक्षी मेल्याच्या बातम्या आल्या आणि गदारोळ झाला. तलाव नकाशावर होता, क्षेत्रफळही तेवढेच होते. बदलले होते फक्त तळाचे पाणी. पाणथळ जागा वाचवण्याच्या चर्चेत एकर आणि हेक्टर फार बोलले जातात. पाणी येण्या-जाण्याची वाट हा मुद्दा कागदावर मागे पडतो आणि पक्ष्यांच्या दृष्टीने तोच पहिला असतो.

रोहितांचे खाणे मुळातच वेगळे. मोठा रोहित चोच उलटी करून चिखलाळ पाण्यातले किडे, अळ्या, लहान शिंपले गाळून घेतो. तो एका जागी पाय आपटत गोल फिरतो, तळाचा गाळ ढवळतो आणि पाणी उतरल्यावर तिथे चिखलाची गोल कडी उमटलेली दिसतात. लहान रोहिताची चाळणी त्याहून बारीक. त्याचे मुख्य अन्न म्हणजे सूक्ष्म शेवाळ. ठाण्याच्या खाडीत चिखलावर पाण्याचा पातळ थर उरला की तो त्यातून हे शेवाळ गाळत चालतो. २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ झालेल्या या खाडीत शहराचे सांडपाणीही येते. त्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ माजते आणि रोहितांची संख्या वाढण्यामागे हे एक कारण असावे असे अभ्यासक मानतात. पक्षी वाढले म्हणजे खाडी निरोगी झाली असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

चिखलावरच्या याच शेवाळी थरावर, दुधावरच्या सायीइतक्या पातळ, काही टिलवेसुद्धा जगतात. कॅनडात फ्रेझर नदीच्या मुखाशी वेस्टर्न सँडपायपर हा छोटा पक्षी जिभेच्या केसाळ कडांनी हा थर चाटून खातो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. त्याआधी त्याची प्रत्येक टोच किड्यासाठीच आहे असे बहुतेक जण धरून चालले होते.

वाळूचा किनारा आणि चिखलाची खाडी यांतला फरक पाहायचा तर अलिबागजवळच्या आक्षीला जावे. खुल्या समुद्राकडच्या वाळूतून पाणी झटकन निथळते, त्यामुळे तिथे लाटेच्या पाठीमागे पळणारे सँडरलिंग आणि कोरड्या-ओल्या सीमेवर धावणारे चिखल्या. वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसली तर ती छोट्या खेकड्यांची : वाळू तोंडात घोळवून त्यातले अन्न काढून घेतलेले उरलेसुरले. खाडीच्या मुखाकडे वळावे तसा कण बारीक होतो, पाणी धरून राहतो आणि पक्षीही बदलतात. बारीक कणांच्या चिखलात कुजके सेंद्रिय द्रव्य जास्त, म्हणून खाणेही जास्त. पण हवा आत जात नाही, त्यामुळे वरच्या तपकिरी थराखाली काळा थर असतो आणि तो उकरला की सडक्या अंड्यांचा वास येतो. तेवढ्यावरून प्रदूषण ठरवू नये, हे त्या चिखलाचे नेहमीचेच आहे. काळा थर थेट पृष्ठभागावर आला असेल आणि वरची बिळे दिसेनाशी झाली असतील तर मात्र काळजीचे.

शेतात हाच खेळ नांगर आणि पाट खेळतात. कोकण-गोव्यात वायंगणी भातासाठी हिवाळ्यात चिखलणी होते. खाचरात दोन बोटे पाणी, खाली लोण्यासारखा नव्हे तर पायाला चिकटणारा राडा, आणि त्यात उलटून वर आलेल्या अळ्या-गांडुळे. बगळे नांगरामागे असतातच. बांधावर पाच मिनिटे गप्प बसले तर पाणलावे आणि ठिपकेवाले तुतवारही दिसू लागतात. उघड्या चोचीचे करकोचे गोगलगाई वेचत फिरतात. आठवड्याभरात रोपे उभी राहतात, जमीन झाकली जाते आणि वेडर पुढच्या खाचराकडे सरकतात. गोव्यातली खाजणे (खाडीकाठची बांध घातलेली शेते) आणि त्यांची मानशी (पाण्याची दारे) ही तर शेकडो वर्षे चालत आलेली जलव्यवस्था. दार उघडण्या-मिटण्याच्या वेळापत्रकावर तिथल्या पक्ष्यांचा हंगाम चालतो. केपे तालुक्यातले नंदा तळे, २०२२ मध्ये गोव्यातले पहिले रामसर स्थळ झालेले, असेच शेतीच्या पाण्याशी बांधलेले आहे. तिथे ‘निसर्ग जसाच्या तसा सोडा’ म्हणणे सोपे, पण शेती थांबली आणि बांध फुटला तर तिथला उथळ चिखलही जाईल.

युरोपात जमीन गोठते आणि हिवाळ्यात ब्रिटनमधल्या टिटव्या, सोनेरी चिखल्या पश्चिमेकडे, आयर्लंडकडे सरकतात. आपल्याकडे जमीन कडक करून चोचीला बंद करण्याचे तेच काम ऊन करते.

थोडे तळ्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी : ग्रामपंचायती, महाविद्यालये, गृहसंकुले. सुशोभीकरण म्हणजे चारी बाजूंनी दगडी भिंत आणि चालण्याची पायवाट, ही समजूत आधी सोडावी. एक बाजू तरी मंद उताराची, मातीची राहू द्यावी. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ काढताना तो मधून काढावा. जेसीबी काठालाच लागला की उभी कड तयार होते, जी पक्ष्यांच्या कामाची नाही आणि गुरांनाही धोक्याची. पाणी सोडायचे असेल तर हळूहळू सोडावे, म्हणजे चिखलाची ओली पट्टी हिवाळाभर पुरते. जलपर्णी वेळेवर काढावी. तिच्या गालिच्यावर कमळपक्षी चालतो, टिलव्याला मात्र ते बंद दार असते. आणि उघड्या चिखलावर तिवरांची रोपे लावण्याचा उत्साह आवरावा. कांदळवन मोलाचे आहेच, पण ते जिथे उगवते तिथे. मोकळी चिखलपट्टी ही ओसाड जागा समजून तिथे झाडे लावणे म्हणजे वेडरांच्या ताटात माती टाकणे.

उष्ण, साचलेल्या पाण्यात आणि हवा न लागणाऱ्या गाळात आणखी एक धोका असतो. राजस्थानातल्या सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये बॉट्युलिझममुळे हजारो पक्षी मेले, त्यांत किनारपक्षीही होते. मेलेल्या पक्ष्यांतल्या अळ्यांमधून विष पुढच्या पक्ष्यात जाते. काठावर एकाहून जास्त मेलेले किंवा मान टाकलेले पक्षी दिसले तर हात न लावता लगेच वनविभागाला कळवावे.

प्रत्यक्ष पाहायला बसताना नियम थोडेच आहेत. वारा आणि सूर्य पाठीशी. बसून पाहावे, उभे राहिलेला माणूस मोकळ्या चिखलावर फार मोठा दिसतो. पक्षी खाणे सोडून मान उंचावू लागले की तिथेच थांबावे. नावाड्याला ‘अजून जवळ घे’ म्हणू नये. त्याची रोजी प्रवाशाच्या खुशीवर असते आणि नाही म्हणणे त्याला जड जाते. ओहोटीच्या त्या पाच-सहा तासांत थवा तीनदा उठला तर त्याचे जेवण मोडते, मार्च-एप्रिलमध्ये तर सैबेरियापर्यंतच्या प्रवासाची शिदोरीच कमी पडते. पक्षी गेल्यावर काठ मोकळा झाला की ठसे पाहावेत. टाके घातल्यासारख्या एका ओळीतल्या टोच्या टिलव्यांच्या, एकेकटी खोल गोल भोके कर्ल्यूची, आणि टोचीविना नुसती तीन बोटांची धावपळ असेल तर चिखल्याची.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे आणि तिच्यात कोणीही पक्षिमित्र भाग घेऊ शकतो. यंदा जे भाग घेतील त्यांनी पक्ष्यांच्या संख्येशेजारी चार गोष्टी लिहाव्यात : पाण्याची खोली, काठाचा उतार, चिखल ओला की सुकलेला, पाणी चढते की उतरते. एकाच तळ्यावरच्या पाच वर्षांच्या अशा नोंदी पाटबंधारे खात्यापुढे ठेवता येतात, नुसता पक्ष्यांचा आकडा ठेवून फारसे काही हाती लागत नाही. आणि छायाचित्रकारांना एवढीच विनंती की फोटो कापताना पक्ष्याचे पाय आणि त्याखालची जमीन कापू नका.